माळवदाची पैज

“आप्पा, आजबी भाकरीवर माती पडली,” असं म्हणत दीपमालानं सासऱ्यांपुढं ताट ठेवलं.

माणिकप्पांनी खडा बोटानं उडवला आणि भाकरी निवांत खाल्ली. वर मात्र पाहिलं नाही. वर पाहिलं की माळवद गळतंय हे कबूल करणं आलं.

माकणी गावात आता मोजकीच माळवदं उरली होती. लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत आलं की जीव गार व्हायचा, हे दीपमालाही मान्य करायची. पण पाऊस लागला की घरभर पातेली, घमेली आणि तांबे मांडून बसायचं. लेकीची पुस्तकं भिजायची. दीपमालाला स्लॅब हवा होता. नवरा वैजनाथ लोहाऱ्याला जीप चालवायचा. तो बायकोच्या बाजूनं होता, पण बापासमोर त्याची बोबडी वळायची. बायकोची बाजू त्याच्या पोटातच राहायची.

एक दिवस पारावर बब्रुवाननं माणिकप्पांना डिवचलं. दोघं लंगोटीयार.

“माणिकप्पा, तुझ्या घरी छत्री धरून जेवावं लागतंय म्हणं.”

हशा पिकला. माणिकप्पा पेटले.

“नागपंचमीपस्तोर आत एक थेंब जरी पडला, तर म्या सोता माळवद उतरवून स्लॅब टाकतो. आन न्हाय पडला, तर म्या हाय तवर स्लॅबचं नाव काढायचं न्हाय!”

माणिकप्पांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वैजनाथनं घरी येऊन ही बातमी सांगितली, तेव्हा दीपमालाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. एक थेंब तर हवा होता! थेंबांना तिच्या घरात काय तोटा?

पण म्हातारा इरेला पेटला होता. त्यांनी बैलगाडीनं पांढरी माती आणली, गवत उपटलं, नवा थर पसरला, पाणी मारून धुम्मसानं चोपला. पहिले दोन-तीन पाऊस कोरडे गेले. दीपमालानं मांडलेली पातेली रिकामीच उचलली.

मग पावसानं उघडीप दिली. एका सकाळी ती शिडीवरून चहा घेऊन वर गेली. माणिकप्पा कठड्याला टेकून बसले होते.

“तुझी सासू डोक्यावर माती वाह्यची आन म्या पसरायचो,” ते म्हणाले. “लई हसायची. तिच्या पायाखालची माती हाय ही.”

दीपमालाला भरून आलं.

कप खाली ठेवत माणिकप्पांनी विचारलं, “पोर पुस्तक घेऊन कुठं बसती गं पावसात?”

“बसती कुठंबी, आप्पा. तुमी नका काळजी करू.”

माणिकप्पा नव्या थरावरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ते पहार घेऊन वर जायला लागले. खालून बब्रुवाननं हटकलं, “आरं, पहार कशाला?”

“गवताची मुळं लई खोल जातेत,” माणिकप्पांनी वरूनच सांगितलं.

त्या वयात, दुखऱ्या गुडघ्यांनी, भर उन्हात ते रोज चढायचे. खाली आले की विचारायचे, “ढग दिसतंय का कुठं?” त्यांचा चेहरा पाहून दीपमालाचा जीव तुटायचा. एका छपरापायी माणूस झुरणीला लागला होता. ते पाहून तिनं मनाशी ठरवलं, चुलीत जावो तो स्लॅब. ह्या माणसाची मान पारावर खाली जाता कामा नये.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी माणिकप्पा बाजाराला लोहाऱ्याला गेले आणि तेरणा नदीच्या बाजूनं आभाळ भरून आलं. दीपमाला पदर खोचून माळवदावर चढली. पाहते तर काय, चांगल्या थरात जागोजागी भोकं! बोट घातलं तर पार आत गेलं.

“मेले उंदीर!” ती ओरडली.

तिनं चिकणमातीत शेण आणि भुसा कालवला, एकेक भोक ठासून बुजवलं, वरून धुम्मस मारला. शेवटचा ठोका मारला आणि सर आली. ती ओलीचिंब होऊन खाली उतरली, तोवर माणिकप्पाही भिजत घरी पोचले होते.

पाऊस असा कोसळला की समोरचं घर दिसेना. रात्रभर त्यानं उसंत घेतली नाही. माणिकप्पा खाटेवर बसून टक लावून वर पाहत होते. दीपमाला मनातल्या मनात देवाचा धावा करत होती.

सकाळी उजाडलं. आत एक थेंब पडला नव्हता.

सणाच्या दिवशी सगळा पार घरात लोटला. बब्रुवाननं हार मानून माणिकप्पांना स्वतःच्या हातानं फेटा बांधला. पोरांनी हलगी वाजवली. दीपमालानं सगळ्यांना पुरणाची दिंडं वाढली. हातचा स्लॅब गेला होता, तरी लेकीचं लग्न ठरावं तसा तिला आनंद झाला होता. माणिकप्पा तेवढे गुमान बसले होते. आनंदानं माणूस असाच मुका होतो, असं तिला वाटलं.

मंडळी पांगली, तसं तिला राहवेना.

“आप्पा, रागं भरू नका, एक सांगते. उंदरांनी माळवदाची पार चाळण केली व्हती. तुमी बाजाराला गेल्यावर म्या समदी भोकं बुजवली. तुमचा शब्द ऱ्हायला पायजे व्हता मला.”

माणिकप्पा तिच्याकडं बघतच राहिले. मग त्यांना असं हसू फुटलं की फेटा सुटून गळ्यात आला.

“अगं पोरी, माळवदावर उंदीर कुठले आलेत? तुझ्या स्लॅबसाठी म्याच पहारीनं पाडली व्हती ती!”