तिसरा प्रयत्न

सकाळच्या अपडेटनंतर हेमांगिनीबाईंचे कृत्रिम डोळे दोनदा सुरू करून पाहिले होते आणि दोन्ही वेळा समोर अंधारच राहिला होता. तिसराही प्रयत्न फसला, तर डोळ्यांमागची नस संकेत घेणे कायमचे थांबवणार होती.

"काका, यादीतलं जुनं कर्नल, म्हणजे मूळ प्रणालीची राखीव आवृत्ती, निवडा," दुरुस्ती केंद्रातली नूतन तडवी फोनवरून म्हणाली.

हातातल्या छोट्या पडद्याकडे पाहत विद्याधरपंत अडखळले. "ते मी रविवारी काढून टाकलं. उगाच जागा अडवत होतं."

"माळा आवरून झाला, आता बायकोचे डोळे आवरलेत," हेमांगिनीबाई म्हणाल्या.

नूतन हसली नाही. "मग चित्र दाखवणारा नवाच ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा चालवून पाहू. चालला तर पूर्वीसारखं दिसेल, पण खात्री नाही. किंवा ड्रायव्हर वगळून सुरू करू. तेव्हा नक्की दिसेल, पण करडं आणि अंधूक. नसेला तीच सवय लागते, काकू. रंग परत येणार नाहीत."

हेमांगिनीबाईंनी तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली होती.

"ड्रायव्हर वगळा," त्या म्हणाल्या.

विद्याधरपंतांनी बटण दाबले. "घाबरू नकोस. मी तुझ्याकडेच बघतोय," ते शांतपणे म्हणाले.

अंधारात करडे चौकोन उमटले, थरथरले आणि हळूहळू एकमेकांना चिकटत गेले. त्यांतून एक चेहरा तयार झाला. त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते.

"खोटं बोलताय," हेमांगिनीबाई म्हणाल्या. "उघडा आता डोळे."