मीटरचं तोंड कुणीकडे

"पोरगी बघायला गेलेले लोकसुद्धा इतका वेळ लावत नाहीत," स्टोव्हवरची किटली उचलता उचलता फुसाए पुटपुटली. आपण मनातल्या मनात बोललो असं तिला वाटलं असावं. पण नवऱ्याचं, मोतेगीचं, गॅरेज एवढंसं. गाडीत बसलेल्या कुवाबाराला सगळं ऐकू आलं.

त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. समोर डॅशबोर्डवर मोतेगीने तीन गोल मीटर चिकटपट्टीने तात्पुरते उभे केले होते. वायरी खाली लोंबत होत्या. किल्ली फिरवली की तिन्ही काटे एकदम टोकापर्यंत धावत आणि परत येऊन आपापल्या जागी बसत. पहिल्यांदा पाहताना गंमत वाटली होती. आता त्याला एवढंच कळेना, की यातला ऑइलचा कोणता आणि पाण्याचा कोणता.

"हे ऑइलचं टेंपरेचर, हे पाण्याचं, आणि हे ऑइलचं प्रेशर," डाव्या खिडकीतून डोकं आत घालून मोतेगी परत पहिल्यापासून सांगू लागला. "या तिन्हींवर नजर ठेवलीस, तर घाटात इंजिन दगा देणार नाही. जुने मीटर बंद पडले तरी तू तसाच फिरत राहिलास. अजून थोडे दिवस गेले असते, तर इंजिन बादलीत घालून आणलं असतंस माझ्याकडे."

"आणि बूस्टचा, टर्बोच्या दाबाचा मीटर?" इसोबे मागून म्हणाला. तो न्हावी, सोमवारी दुकान बंद, म्हणून इथे. "टर्बो गाडीला बूस्टचा मीटर नाही म्हणजे गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन नुसते पाय धुवून येण्यासारखं."

"तू गप रे. तुझी गाडी म्हणजे घड्याळजीचं दुकान. चालते कुठे?"

कुवाबारा आळीपाळीने दोघांकडे पाहत राहिला. काळी तबकडी की पांढरी, काटा हवा की नुसते आकडे, मोठा घ्यायचा की लहान. सगळ्या प्रश्नांना त्याच्याकडे एकच उत्तर होतं आणि ते नागाओकाला होतं. डोंगरावर पानं लाल झाली तेव्हा त्याची बायको चिझुरू तिथे बहिणीकडे मुक्कामाला गेली. आता घाटातलं बर्फ वितळलं, रस्ताही उघडला, मुक्काम चालूच होता. गॅरेजमध्ये सगळे हाच शब्द वापरत. मुक्काम.

"जरा डावीकडे वळव," तो म्हणाला.

मोतेगीने तिन्ही मीटर वळवले.

"अजून."

"अरे, आता तुला दिसतंय तरी का तिथून काही?"

"मला कशाला दिसायला हवं?"

मोतेगीने इसोबेकडे पाहिलं. इसोबेने हातातल्या कॉफीच्या कॅनमध्ये पाहिलं.

घाटात कुवाबाराची नजर रस्त्यावर असे. मीटर चिझुरूचे. शेजारच्या सीटवर बसून ती नुसतं "पुरे" म्हणायची, की हा पाय उचलायचा. किती आकड्याला पुरे, ते त्याने कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच पडली नव्हती.

"असं करू," मोतेगी घसा साफ करत म्हणाला, "बझरवाले घेऊ. आकडा एकदा ठरवून दिला की झालं. वर गेला की आपोआप ओरडतो. शेजारी कुणी बघायला नको."

"नको. कटकट नुसती."

"बायकोपेक्षा कमीच," इसोबे म्हणाला आणि लगेच त्याला खोकला आला.

"बरं, आकडा तर सांग," मोतेगीने घाईघाईने विचारलं. "घाटात तुझं ऑइल कितीवर जातं?"

कुवाबारा विचार करू लागला. गाडी त्याची. धुतो तो, पुसतो तो, हप्ते त्याने भरले. तरी काही केल्या आठवेना. माहीत असतं तर आठवलं असतं.

"चिझुरूला माहीत," तो म्हणाला.

फुसाएने खिडकीतून चहाचा कप त्याच्या हातात दिला. "मग फोन करून विचारा की, कुवाबारासान. आकडाच तर विचारायचाय."

रिंग बराच वेळ वाजत राहिली. मोतेगी एक स्वच्छ पाना पुसत बसला. इसोबे भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. फुसाए मात्र होती तिथेच उभी राहिली.

"मी बोलतोय," कुवाबारा म्हणाला. "मीटर बदलतोय गाडीचे. ऑइल कितीला गेलं की तू पुरे म्हणायचीस?"

पलीकडून चिझुरूचा आवाज आला. "एकशे वीसला. पण बझर असेल तर एकशे दहाला लावा. तुम्हाला ऐकू यायला वेळ लागतो."

कुवाबारा हसला. कितीतरी दिवसांनी. "आणि प्रेशर?"

"इंजिन गार असताना दिसतं त्यावर जाऊ नका. घाट उतरून सिग्नलला थांबाल ना, तेव्हा बघा. काटा एकच्या खाली आला तर गाडी तशीच मोतेगीसानकडे न्या."

"बरं. आणि तबकडी काळीच घेतो. पांढरी अंधारात तुझ्या डोळ्यांवर येते."

"लावताय कुठे?"

"कुठे म्हणजे? तुझ्याकडे तोंड करून. नेहमीसारखे."

मोतेगीचा हात पान्यावर थांबला.

"अहो, तुमच्याकडे वळवून घ्या ते," चिझुरू म्हणाली. आवाजात राग नव्हता. ऑइलचा आकडा सांगितला तोच आवाज. "मी आता परत यायची नाही."