दोघांचे काम

“दादा, गिअर टाकलास?”

वरून उत्तर यायला वेळ लागला. धाकटा पाण्याबाहेर ओढून घेतलेल्या लाँचच्या पाठीमागे ओल्या सिमेंटवर गुडघे टेकून बसला होता. लाँचचे इंजिन आत असते. त्याची ताकद पाण्यात उतरवणारा ड्राइव्ह बाहेर लटकतो, लोखंडी पायासारखा. वर्षातून एकदा तो उतरवायचा, पाणी आत येऊ न देणारा रबरी भाता बदलायचा, ग्रीस भरायचे आणि पुन्हा चढवायचा. चढवायला दोन माणसे लागतात. एकाने वर लाँचमध्ये गिअर टाकून बसायचे, दुसऱ्याने खाली ड्राइव्हचा पंखा हाताने फिरवत त्याच्या दांड्याचे दात इंजिनाच्या दातांत बसवायचे. या कामाला परका माणूस घ्यायचा नाही, हा वडिलांचा दंडक होता. ज्याच्या भरवशावर पंख्यात हात घालवेल, तोच वर बसवायचा, असे ते म्हणत.

ते गेले, आणि जाताना लाँच धाकट्याच्या नावावर करून गेले. दादाने ऐन उमेदीची सारी वर्षे तिच्या सुकाणूवर घालवली होती. त्याच्या वाट्याला दोन खोल्या आल्या. तेव्हापासून तो आपल्याला पाण्यात पाहतो, असे धाकट्याला वाटे. भांडण मात्र एकदाही झाले नाही. झाले असते तर बरे, असेही त्याला कित्येकदा वाटून गेले होते. आणि आज सकाळी दादा न बोलावता, पान्यांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला.

“अहो, किल्ली खिशात ठेवा,” बायको आतल्या खोलीत हळूच म्हणाली होती. “मोठे भाऊजी आज माझ्याशी गोड बोलले.”

“टाकला गिअर,” दादा आता वरून म्हणाला. “किल्ली कुठाय रे? जागेवर दिसत नाही.”

“माझ्याकडे आहे.”

“असू दे.”

त्या दोन शब्दांत राग होता की हसू, हे धाकट्याला उमगेना.

चेनपुलीला टांगलेला ड्राइव्ह त्याने छातीने पुढे रेटला. पंखा सावकाश फिरवत राहिला. दात चाचपडत होते, अंधारात माणूस दाराची कडी चाचपडतो तसे. मग पंखा एकदम अडला. दात लागले. आता इंजिन आणि पंखा एकच झाले होते, आणि त्या पंख्यात त्याची बोटे गुंतली होती. गिअर पडलेला असताना इंजिन सुरू होऊ नये म्हणून एक कळ असते. या लाँचवरची ती केव्हाच बाद झाली होती.

तरी किल्ली आपल्या खिशात आहे, असे त्याने मनाला बजावले. आणि नेमके तेव्हाच त्याला आठवले. एकदा भर पाण्यात किल्ली हातातून निसटून बुडाली होती. दादाने इंजिनाचे झाकण उघडून स्टार्टरच्या दोन टोकांना पेचकस आडवा टेकवला होता, आणि इंजिन गर्जून उठले होते. लहानग्या धाकट्याने टाळ्या पिटल्या होत्या.

वर झाकण उघडल्याचा आवाज आला. मग लोखंडाला लोखंड लागले.

“काय करतोस, दादा?”

“काही नाही. तू तुझं बघ.”

“झाकण कशाला उघडलंस?”

पुन्हा तोच किणकिणता आवाज.

हात काढावा, तर ड्राइव्ह मागे घसरून नवा भाता फाटणार आणि पहिल्याच फेरीला लाँचमध्ये पाणी शिरणार. हात ठेवावा, तर आयुष्यभराची रोजीरोटी ज्या बोटांवर, तीच पणाला लागणार. ‘खाली उतर,’ हे शब्द त्याच्या ओठांवर आले. पण ते एकदा उच्चारले, की दोघांच्यात शिल्लक राहिलेले थोडेसेही संपणार होते. त्याने ते गिळले.

“रेट आता,” वरचा आवाज घोगरा झाला होता.

त्याने डोळे मिटले आणि सारे अंग लोटून रेटले. ड्राइव्ह खटकन जागेवर बसला. इंजिन मुके राहिले. त्याने नट आवळले, आणि आज काय तो सोक्षमोक्ष लावायचाच म्हणून शिडी चढून वर गेला.

दादा उघड्या इंजिनापाशी लाँचच्या फळ्यांवर बसला होता. मांडीवर पाना. बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडवलेल्या होत्या. आता किल्ली असो वा पेचकस, इंजिन हलणारच नव्हते. वायरींची टोके त्याने मुठीत इतकी आवळून धरली होती, की बोटांची पेरे पांढरी पडली होती.

“किल्ली खिशात ठेवलीस, ते बरं केलंस,” तो मान वर न करता म्हणाला. “तुझा माझ्यावर भरवसा नव्हता. इथं बसल्यावर माझाही स्वतःवर राहिला नाही.”