मानवाली

पडद्याआड नवरा हसला, आणि बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या मांडीवरची पिशवी घसरून खाली पडली.

घरात हा माणूस हसायला महाग. मान धरल्यापासून तर बोलणंही तोलूनमापून. मानेतली नस दबली होती. डावा खांदा ठणकायचा, कळ दंडातून सरकत अंगठ्यापर्यंत उतरायची आणि बोटांना मुंग्या यायच्या. शिंप्याच्या बोटांना मुंग्या म्हणजे धंद्यालाच मुंग्या. सुईत दोरा ती ओवून द्यायची, त्याच्या हातून सुटणारं कापड ती धरायची. रोज संध्याकाळी तेल कोमट करून खांदा चोळायची. कटकट केली नाही. खरं सांगायचं तर तिला ते आवडायला लागलं होतं. तेवढ्यात ही मानवाली उपटली.

मानवाली म्हणजे मानेचे व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण. वयानं कोवळी, केस आखूड, आणि हात म्हणे फार हलका. हे 'म्हणे' नवऱ्याचं. पहिल्याच भेटीत तिनं फर्मावलं, "चोळणं बंद करा, दबलेली नस आणखी चिडते." झालं. संसार ओढणारे दोन हात एका वाक्यात निकालात. तेव्हापासून घरात उठता-बसता 'डॉक्टर म्हणाल्या'. डॉक्टर म्हणाल्या, उशी पातळ घ्या. डॉक्टर म्हणाल्या, हनुवटी आत ओढा. हेच बायकोनं सांगितलं असतं, तर हनुवटी राहिली बाजूला, नाक वर गेलं असतं.

"अगं, काका म्हणते ती मला," तो एकदा म्हणाला.

"काका म्हणायचं आणि खांद्यावर हात ठेवायचा. बरी रीत आहे."

तशी ती नवऱ्यावर आधीपासूनच डोळा ठेवून होती. दुकानात दोघांची मशिनं शेजारी शेजारी. मागे एकदा, काही कारण नसताना, त्यानं आपलं मशीन तिच्या डावीकडून उचललं आणि उजवीकडे आणून ठेवलं. "तिकडे उजेड डोळ्यावर येतो," म्हणाला. कसला उजेड! उजवीकडे बसलं की समोरच्या औषधाच्या दुकानातली बाई स्वच्छ दिसते. तो चहा सांगायला गेला तेव्हा तिनं त्याच्या खुर्चीत बसून खात्री करून घेतली होती.

आणि आता हे. वरच्या मजल्यावरचा रंगारी त्याच्यानंतर मान धरून इथे आला आणि बरा होऊन शिडीवर चढलासुद्धा. याचं दुखणं मात्र जागचं हलेना. दुखणं सरलं तर इथलं येणं सरेल, एवढं न कळण्याइतकी ती खुळी नव्हती. म्हणून आज दुकानाचं दार ओढून घेऊन ती त्याच्या मागोमाग आली होती.

आत पुन्हा कुजबुज झाली. ती बाकाच्या टोकाला सरकली आणि उजवा कान पडद्याला लावला. डावा लावून उपयोग नव्हता. तो काही वर्षांपूर्वीच गेला होता. पण हे तिनं कुणालाच कळू दिलं नव्हतं, नवऱ्याला तर नाहीच. बहिरी शिंपीण म्हटलं की गिऱ्हाईक दाराशी उभं राहून मापं ओरडतं. आणि नवऱ्याला कळलं, की तो हळूहळू बोलणं कमी करतो; मग ज्यांना दोन्ही कान आहेत अशा बायका त्याला सापडतात. तिच्या मावशीचं असंच झालं होतं.

"काका, शेक घेता, व्यायाम करता, सगळं खरं," डॉक्टरीण आत म्हणत होती. "पण दिवसभर मान डावीकडे वाकवत राहिलात तर मी काय करू? अंगठ्याची पकड सैल व्हायला लागलीय तुमच्या. पुढे ऑपरेशन करूनही ती परत येईलच असं नाही."

नवरा नुसता हसला.

"मशीन काकूंच्या दुसऱ्या बाजूला मांडा. मान उजवीकडे वळेल, नस मोकळी होईल. किती वेळा सांगितलं! दर वेळी नुसते हसता."

"ते नाही जमायचं."

"का पण?"

बाहेर तिनं पदर मुठीत आवळला. निघालं! आता औषधवालीचं नाव निघणार.

"त्या बाजूनं बोललेलं तिला ऐकू येत नाही," नवरा म्हणाला. "मशीन चालू असताना तर मुळीच नाही. उजव्या कानाशी वाकून बोललो की येतं. आणि मला हे माहीत आहे, हे तिला माहीत नाही. कळलं तर मनाला लावून घेईल. तेव्हा मशिनाचं राहू द्या, मानेचं काय करायचं ते सांगा."

बाहेर तिनं पिशवी उचलली, झटकली, पुन्हा मांडीवर ठेवली.

थोड्या वेळानं तो शर्टाची बटणं लावत बाहेर आला. तिच्या उजवीकडे बसला. खांदा सावरत, सवयीनं, तिच्या कानाशी वाकू लागला.

तिनं त्याच्या हनुवटीला हात लावून मान सरळ केली.

"वाकू नका," ती म्हणाली. "एवढा वेळ हसणं चाललं होतं आत, ऐकलंय मी. तुमचा काडीचा भरवसा नाही. उद्या माझं मशीन उचलून तुमच्या मशिनासमोर मांडायचं, तोंडासमोर तोंड. काय बोलता आणि कुणाशी बोलता, तुमच्या ओठांवर नजर ठेवून बसणार आहे मी."