निघताना

पीएचडीला नुकतीच लागलेली ती मुलगी पहिलीच मुलाखत घ्यायला एका धावपटूच्या घरी गेली. विषय होता खेळ आणि लिंगभाव. रेकॉर्डर सुरू झाला तशी धावपटूची कळी खुलली.

"शाळेत मुलांनासुद्धा मागे टाकायचे मी. पहिल्या मोठ्या शर्यतीत तर अनवाणी पळाले आणि जिंकले!"

"आणि ती तपासणी?"

"रक्त घेतलं. बायकांच्या गटात बसत नाही, असा अहवाल आला. पदक गेलं, पळणं सुटलं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"जिममध्ये काम मिळालं. सकाळी जाणं, संध्याकाळी येणं. चाललंय."

इतकी भडाभडा बोलणारी बाई एकाएकी शब्दांना महाग का झाली, ते मुलीला आधी उमगेना. मग लक्षात आलं. अहवालानंतरच्या गोष्टीत स्वतःबद्दल 'गेले' नव्हतं, आणि 'गेलो'ही नव्हतं.

कामाची वेळ झाली तशी धावपटूने पिशवी खांद्याला अडकवली, मान हलवली आणि ती निघून गेली. मुलीनेही आवराआवर केली आणि धावपटूच्या आईला सवयीने म्हणाली, "येते हं, काकू."

दार लावायला आलेल्या आईचा हात कडीवरच थांबला.

"पूर्वी हीसुद्धा असंच म्हणून निघायची. आता मुकाट्याने जाते. रोज सांगते मी तिला, येते म्हण, नाहीतर येतो म्हण. पण परत येणार आहेस, तेवढं सांगून जा, बाळा."