सिरक्याचं सांदण

इडलीसारखी फुगायची सांदणं बशीत पडली ती चपलेच्या तळासारखी चपटी. फिजाला बघायला मंडणगडहून आलेल्या बाईने एकावर बोट दाबून पाहिलं.

"सांदणच ना हे?"

फिजाची दादी हव्वाबी हिच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. "माझ्या सुनेला विचारा. एवढी वर्षं शिकवलं, पण हातालाच बरकत नाही त्याला मी काय करू?"

सून रझिया, फिजाची आई, सरबताचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने नजर खाली वळवली.

फिजाची धाकटी बहीण लायबा कॉलेजात जंतूंचं शिकत होती. तिने तुकडा नाकाशी नेला. "दादी, यात सिरका पडलाय, व्हिनेगर. सिरक्यात यीस्ट फुगत नाही. आत शिरलेलं आंबट बाहेर उपसण्यातच सगळी ताकद जाते तिची."

"म्हणजे मेली?" पाहुणीने विचारलं.

"नाही हो. जीव धरून गप्प बसते."

हव्वाबीने हातातला घास बशीत परत ठेवला. हजहून आल्यावर तिने पीठ आंबवायची नारळाची माडी, नशेची म्हणून, उंबऱ्याबाहेर काढली, तेव्हापासून घरचं सांदण दुकानातल्या यीस्टच्या पुडीवर फुगायचं. पण पुडीला माडीचा आंबूसपणा कुठला? मंडणगडच्या माणसांना तोच दाखवायचा होता. म्हणून सकाळी नमाज झाल्यावर, रझियाने भिजवून झाकलेल्या पिठात तिने सिरक्याची बाटली उपडी केली होती. वळली तर मागे रझिया. तिने बाटलीकडे पाहिलं आणि पातेल्यावर पुन्हा झाकण ठेवलं होतं.

"कोणी घातला गो सिरका?" पाहुणी हसत म्हणाली.

हव्वाबीने तोंड उघडलं. अख्खा मोहल्ला सोलून काढणाऱ्या त्या तोंडात तिने सांदणाचा तुकडा कोंबला.

"मी," रझिया म्हणाली. "चुकून पडला."

"बरं तर. पोरीचा हात आईवर गेला नसला म्हणजे मिळवली."

सगळे हव्वाबीकडे बघू लागले. आता ती काहीतरी झणझणीत बोलणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिने बशी जवळ ओढली, मान खाली घातली आणि ते चिवट सांदण चावत राहिली. गिळवेना, तरी चावत राहिली.

पाहुणे "कळवतो" म्हणून गेले. बऱ्याच वेळाने हव्वाबी स्वयंपाकघरात आली. ओट्यावर उरलेल्या पिठाचं पातेलं होतं. पीठ वर चढून त्याने झाकण तिरकं केलं होतं, आणि एक पांढरा ओघळ खाली उतरत होता. तिने झाकण सरळ केलं. ते पुन्हा कलंडलं.

मोरीत रझिया पेले धूत होती.

"रझिया," हव्वाबीचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "पीठ आलं गो."

रझियाने मागे वळून पाहिलं नाही.

"येतं ते, माँ. उशीर लागतो."