पुढेपुढे

झूम लेन्स दुरुस्तीला ठेवून जाताना गिऱ्हाईक म्हणालं होतं, "ही फार पुढेपुढे करते." दुरुस्तीवाला खो खो हसला. समोरचा माणूस सोडून त्याच्या पुढच्या रिकाम्या जागेवर फोकस धरायचा, हे लेन्सचं जुनंच दुखणं.

भर दुपारी त्याने कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीपाशी, बायकोला स्टुलावर बसवलं. "हलू नकोस."

"नाही हलत. पण आटपा लवकर, मला ढीगभर कामं पडलीत."

कॅमेऱ्याला डोळा लावून त्याने फोकससाठी बटण अर्धं दाबलं. लेन्स कुरकुरत फिरली आणि थांबली. बायको धूसर दिसत होती. कॅमेऱ्यात फोकसचं अंतर तीन मीटर दाखवत होतं, बायको तर पाचावर होती. मधे नुसती फरशी.

त्याने पुन्हा दाबलं. दोन मीटर.

आता त्याला हसू येईना. दुखणं असतं, तर दर वेळी एकाच जागी चुकलं असतं. हे तर जवळ येत होतं.

एक मीटर. त्याने बटणावरचं बोट काढलं, तरी लेन्स फिरतच राहिली. कॅमेऱ्याला लावलेला डोळा काढायचा धीर होईना.

"अहो," बायको अगदी हळू आवाजात म्हणाली, "आता तुम्ही हलू नका."

लेन्स थांबली. याहून जवळचं तिला धरता येत नव्हतं.

मग लेन्सच्या पुढच्या काचेवर बाहेरून वाफ धरली. निवळली. पुन्हा धरली.